तांबडं लाकूड, पाणथळीचं नाव

नमस्कार मंडळी. आज ज्या झाडाबद्दल बोलायचं आहे ते सह्याद्रीत उगवत नाही, म्हणून मराठीत त्याला आपलं असं नाव नाही. इंग्रजीत ते ऑल्डर. आपल्या देशात कुमाऊँपासून सिक्कीमपर्यंत त्याच्या हिमालयी भावाला उतीस म्हणतात. मीही आज तसंच म्हणणार आहे: युरोपातलं ते ऑल्डर, हिमालयातलं ते उतीस. कूळ दोघांचं एकच, आणि ते म्हणजे भूर्जपत्राचं कूळ. पानं रुंद असूनही या झाडाला सूचिपर्णी झाडासारखी इवलीशी लाकडी बोंडं धरतात. हिवाळ्यात पानं झडून गेली की ती काळी बोंडं फांद्यांवर तशीच राहतात, आणि त्यावरून हे झाड लांबूनही ओळखता येतं.

मी भाषा शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यामुळे झाडाकडे जाण्याची माझी वाट शब्दातून जाते. भूर्ज हा संस्कृत शब्द आणि बर्च हा इंग्रजी शब्द, हे दोन्ही एकाच मूळ शब्दापासून आलेले आहेत. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तो दिवसभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मग वाटलं, त्याच कुळातल्या ऑल्डरच्या नावामागे काय असेल?

ऑल्डरची फांदी तोडली की आतलं लाकूड पांढरंफटक दिसतं. थोडा वेळ हवा लागली की त्यावर नारिंगी झाक चढते, मग ते तांबडं होत जातं. जखमेतून रक्त यावं तसं. आयर्लंडमध्ये लोक या झाडावर कुऱ्हाड चालवायला कचरत, ते यामुळेच. आपल्याला हे नवीन वाटायला नको. बिवळ्याच्या सालीला घाव घातला की लाल डिंक ओघळतो, ते कोकणात ज्याने पाहिलंय त्याला ऑल्डर समजावून सांगावं लागणार नाही. फरक एवढाच की बिवळ्याचा चीक लाल असतो, आणि ऑल्डरचं लाकूडच रंग बदलतं.

लॅटिनमध्ये या झाडाला आल्नुस म्हणतात, जुन्या इंग्रजीत अलोर, जर्मनमध्ये एर्ले, लिथुआनियनमध्ये आल्क्स्निस, रशियनमध्ये ओल्खा. ही सगळी नावं एका घराण्यातली. भाषाशास्त्रज्ञ त्यांचं मूळ तांबूस, तपकिरी अशा अर्थाच्या एका प्राचीन धातूपर्यंत नेतात. फिनिश भाषा तर या घराण्यातली नाहीच, तरी तिथे झाडाचं नाव लेप्पा, आणि लेप्पा या शब्दाचा जुना अर्थ रक्त. दोन भाषांचा एकमेकींशी संबंध नाही, आणि दोघींनी एकच गोष्ट टिपली. मला हे फार मोलाचं वाटतं. झाडाला नाव देणाऱ्या माणसाच्या हातात कुऱ्हाड होती आणि त्याचं लक्ष ताज्या घावाकडे होतं.

आता एक शंका तुमच्या मनात आली असेल. जुन्या इंग्रजीत अलोर होतं, मग मधला ड कुठून आला? अलोरचं पुढे बोलण्यात अलर झालं, आणि ल आणि र जवळ आले. तुम्ही 'अल्र' असं भरभर म्हणून बघा. ल वरून र वर जाताना जीभ मध्ये एक ड लावून जाते. साधारण चौदाव्या शतकापासून तो ड लिहिलाही जाऊ लागला. इंग्रजांनी काही वेगळं केलं नाही. आपण आम्रचा आंबा केला आणि ताम्रचं तांबं केलं. म आणि र यांच्यामध्ये ब शिरला, मग र गळून पडला आणि पाहुणा ब घरात राहिला. वानरचं हिंदीत बंदर झालं, तिथे न आणि र यांच्यामध्ये द आला. कायदा तोच. आणि बघा, तांबं हा शब्द रंगाचाच, आणि ऑल्डर हे नावही रंगाचंच.

जर्मन एर्लेमध्ये आणखी एक गंमत आहे. जुनं रूप एलिरा होतं, त्यातले ल आणि र जागा बदलून एरिला झालं. यालाच वर्णविपर्यय म्हणतात. वाराणसीचं बनारस झालं ते याच रीतीने.

उत्तर इंग्लंडच्या बोलींमध्ये मात्र तो ड शिरलाच नाही. तिथे झाडाला एलर, ओलर म्हणत आले. म्हणून नकाशात ॲलर्टन, एलर्टन, ओलर्टन अशी गावं सापडतात. आपलं पिंपळगाव, वडगाव, बोरगाव असतं तशीच ही ऑल्डरची गावं.

युरोपात या झाडाच्या नावांचं दुसरंही एक घराणं आहे, केल्टिक. आयरिशमध्ये फेर्न, वेल्शमध्ये ग्वेर्न, आणि जुन्या गॉल प्रदेशातून फ्रेंचमध्ये आलेलं व्हेर्न. आयर्लंडच्या ओघम लिपीत एका अक्षराचंच नाव फेर्न आहे. फ्रान्समधलं व्हेर्नय हे गाव म्हणजे ऑल्डरांमधली मोकळी जागा. वेल्शमध्ये ग्वेर्न म्हटलं तर ऑल्डरचं झाडही आणि दलदलही. इथे नाव देणाऱ्याचं लक्ष घावाकडे नाही, पायाखाली आहे. चिखलातून वाट काढताना त्याला हे झाड भेटलं. खरोखरच हे झाड नदीकाठी, ओढ्यात, पाणथळीत वाढतं. जिथे इतर झाडांची मुळं गुदमरतात तिथे हे उभं असतं.

नावांचा विषय निघालाय तर एक चुकीची कथाही सांगते. डॅनिश लोकगीतात एल्व्हर म्हणजे एल्फांचा, अद्भुत योनीतल्या जिवांचा, राजा येतो. अठराव्या शतकात हर्डरने ते गीत जर्मनमध्ये आणलं तेव्हा त्या राजाचा एर्लक्योनिग झाला, म्हणजे ऑल्डरांचा राजा. डॅनिशमध्ये ऑल्डरला एले म्हणतात, त्यामुळे ही गल्लत झाली असं साधारणपणे मानतात. तेच नाव घेऊन गटेने 1782 मध्ये कविता लिहिली, आणि 1815 मध्ये अठरा वर्षांच्या शुबर्टने तिला चाल दिली. रात्री घोड्यावरून आजारी मुलाला घेऊन निघालेला बाप, आणि मुलाला हाका मारणारा तो राजा. झाडाचा त्या गोष्टीशी मुळात काही संबंध नव्हता. पण ज्याने संध्याकाळी धुक्यात ओढ्याकाठचं ऑल्डरबन पाहिलं असेल, त्याला तो राजा तिथेच राहतो असं वाटलं तर नवल नाही.

आता लाकडाकडे येऊ. जमिनीवर, ऊनपावसात हे लाकूड लवकर कुजतं. तेच कायम पाण्याखाली बुडालेलं असलं तर शतकानुशतकं टिकतं, कारण लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते आणि खोल चिखलात ती मिळत नाही. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात लिहितो की दलदलीच्या जागी पायाखाली ऑल्डरचे खांब दाट ठोकावेत, आणि रावेन्ना शहरात सरकारी असो की खाजगी, सगळ्या इमारती अशा खांबांवर उभ्या आहेत. व्हेनिसच्या पायातही इतर लाकडांबरोबर ऑल्डर आहे. आपल्याकडे विहिरीच्या तळाशी जांभळाचं लाकूड घालत, त्यामागचं शहाणपण हेच.

उत्तर इंग्लंडच्या कापडगिरण्यांत कामगार लाकडी तळव्याचे बूट घालत. वरचा भाग चामड्याचा आणि तळवा ऑल्डरचा. हे लाकूड हलकं असतं, ओलं झालं तरी सहजी चिरत नाही आणि पायाला थंड फरशीची झळ लागू देत नाही. तळवे पाडणारे कारागीर टोळीने रानात जात, तिथेच झाडं तोडून ओंडक्यांचे तुकडे करत, आणि ते वाळायला मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या गोल ढिगात रचत. त्या तळव्यांचा फरसबंदीवरचा खडखडाट म्हणजे गिरणगावाची पहाट. आपल्या परळ-लालबागच्या भोंग्यांसारखीच ती.

बाकीचे उपयोग भराभर सांगते. याच्या कोळशाची बंदुकीची दारू चांगली होई. सालीत टॅनिन भरपूर, त्यामुळे कातडी कमावायला आणि कापड तपकिरी-काळं रंगवायला ती वापरत. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर तिथले मूळ रहिवासी सामन मासा याच कुळातल्या तांबड्या ऑल्डरच्या धुरावर सुकवतात. आणि तुमच्यात कुणी गिटार वाजवत असेल तर त्याला माहीत असेल, 1950 च्या दशकाच्या मध्यापासून फेंडरच्या बऱ्याच इलेक्ट्रिक गिटारींचा देह ऑल्डरचा आहे.

पण या झाडाचं खरं काम जमिनीखाली चालतं. मुळांवर पोवळ्यासारख्या गाठी असतात, मोठ्या झाडावर त्या मुठीएवढ्याही होतात. त्यांत फ्रँकिया नावाचे जीवाणू राहतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ए. बी. फ्रँक यांच्या नावावरून 1886 मध्ये हे नाव ठेवलं गेलं. हे जीवाणू हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात. तूर, मूग, हरभरा यांच्या मुळांवरच्या गाठी आपल्याला शाळेत शिकवतात, पण ते जीवाणू वेगळे आणि ती झाडं शेंगांच्या कुळातली. ऑल्डरचा शेंगांशी काही संबंध नाही. आणखी एक: पानगळीच्या आधी बहुतेक झाडं पानांतला नायट्रोजन आत ओढून घेतात, म्हणून पानं पिवळी पडतात. ऑल्डरला त्याची टंचाई नसते, त्यामुळे त्याची पानं बरीचशी हिरवी असतानाच गळतात, आणि खालची माती श्रीमंत होत जाते.

फ्रँकिया बघायला हिमालयात जायला हवं असं नाही. आपल्या किनाऱ्यावरचा सुरू आहे ना, त्याच्या मुळांवरही फ्रँकियाच असतो. पुळणीच्या वाळूत, जिथे खत म्हणून काही नाही, तिथे सुरूचं बन एवढं उंच होतं त्यामागे हे एक कारण आहे.

सिक्कीममध्ये मसाला वेलदोड्याची लागवड उतिसाच्या सावलीत होते. तुमच्या गरम मसाल्यात तो मोठा, काळपट, धुराचा वास असलेला वेलदोडा असतो ना, तो. त्याला सावली लागते आणि ओली, पालापाचोळ्याची माती लागते, आणि उतीस दोन्ही देतो. वेलदोडे वाळवायला भट्टी लावतात, तिच्यात सरपणही बरंच उतिसाचंच. आपल्याकडे पानमळ्यात वेलाला आधार म्हणून शेवरी, हादगा, पांगारा लावतात, तीही सावली देणारी आणि माती सुधारणारी झाडं. दोन हजार किलोमीटर लांब असलेल्या दोन शेतकऱ्यांची एकमेकांशी गाठ पडावी असं मला फार वाटतं.

आता खोनोमा. नागालँडमधलं हे अंगामी नागांचं गाव, कोहिमापासून साधारण 20 किलोमीटरवर. इंग्रजांशी त्यांनी 1879-80 मध्ये दिलेली झुंज इतिहासात आहे. मी गेले ती मात्र त्यांची उतिसाची शेती बघायला. डोंगरउतारावर फिरत्या शेतीत झाडं मुळासकट साफ केली तर माती वाहून जाते आणि जमीन पुन्हा उभी राहायला खूप वर्षं लागतात. खोनोमाचे लोक उतीस मुळासकट काढत नाहीत. जमिनीपासून पुरुषभर किंवा त्याहून थोड्या उंचीवर तो छाटतात. फांद्या सरपणाला जातात, पाला शेतात जिरतो किंवा जाळतात, आणि उभ्या ठोंबांच्या मधल्या जागेत मका, नाचणीसारखी तृणधान्यं, मिरची, भोपळा असं पीक घेतात. दोन वर्षं पीक, मग विश्रांती. त्या विश्रांतीत ठोंबाला नव्या फांद्या फुटतात, मुळांवरच्या गाठी आपलं काम करत राहतात, आणि जमीन लवकर तयार होते.

मला तिथे आमच्या गावची आठवण आली. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, ऐन, किंजळ यांचं कवळ म्हणजे कोवळ्या फांद्या नि पाला तोडायचा, आणि वर्षानुवर्षं छाटून छाटून त्या झाडांच्या माथ्यावर गाठींचं डोकं तयार व्हायचं. खोनोमाचे उतीस अगदी तसेच दिसतात. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला एक ठोंब दाखवला. हा त्याच्या आजोबांनी पहिल्यांदा छाटलेला. त्याने एक फांदी तोडून माझ्या हातात दिली. लाकूड पांढरं होतं. आम्ही बांधावर बसलो, चहा झाला, आणि तेवढ्यात त्या तोंडावर तांबूस छटा चढू लागली होती.

मघाशी मागून एकांनी विचारलं, आपल्या बांधावर उतीस लावता येईल का. त्याला थंड हवा आणि वर्षभर ओल लागते. आपला एप्रिल-मे त्याला सोसणार नाही. तुमचा बांध कोकणात असेल तर गिरिपुष्प लावा, तोही छाटल्यावर फुटतो आणि पाला शेतात घालता येतो. आणि किनाऱ्यावर गेलात, एखादा सुरू वादळात उन्मळून पडलेला दिसला, तर त्याच्या मुळांकडे जरा वाकून बघा. गाठी सापडतील.