भोवऱ्याच्या काठावर जागा धरताना

दृश्य: कॅलिफोर्निया, एडवर्ड्स हवाई तळावरचं आकाश. दोन एफ/ए-१८ लढाऊ विमानं. दुसरं पहिल्याच्या मागे, उजवीकडे.

निवेदन:
२००१ साल. नासाच्या ड्रायडन केंद्राची ही दोन विमानं २५,००० फुटांवर, ध्वनीच्या ०.५६ पट वेगाने उडताहेत. मागच्या विमानाची ओढ, म्हणजे हवेचा विरोध, २० टक्क्यांहून जास्त घटली, इंधनाचा खप १८ टक्क्यांनी कमी झाला. इंजिन तेच, पंख तेच. बदलली ती फक्त जागा.

पंखाखालची दाबाची हवा टोकाला वळसा घालून वर येते आणि मागे भोवरा सोडत जाते. या भोवऱ्याच्या आतल्या बाजूला हवा खाली जाते, बाहेरच्या बाजूला वर उठते. त्या वर उठणाऱ्या हवेत पंख ठेवला, की वाऱ्याच्या झोतावर तरंगणाऱ्या घारीसारखी मागच्या विमानाला आयती उचल मिळते.

पण भोवऱ्याचा गाभा टोकाच्या नेमका मागे राहत नाही, आत सरकतो. दोन बाजूंच्या गाभ्यांमधलं अंतर पंखविस्ताराच्या, म्हणजे एका पंखटोकापासून दुसऱ्यापर्यंतच्या लांबीच्या, साधारण ७८ टक्के भरतं. एफ/ए-१८ चा विस्तार साडेअकरा मीटरच्या आसपास. म्हणजे पाठीमागून पाहिलं, तर मागच्याचं पंखटोक पुढच्याच्या टोकापेक्षा सव्वा मीटरभर आत हवं. चाचणीत वैमानिकांनी ही जागा पडद्यावरच्या सुया बघत हाताने धरली. सहा-सात तासांच्या प्रवासात माणसाकडून हे होणं नाही. तिथे ऑटोपायलटच हवा.

दृश्य: विमानाच्या पाठीवरचा जीपीएस अँटेना, जवळून.

निवेदन:
साध्या जीपीएसची चूक काही मीटरची. इथे ती चालत नाही. म्हणून उपग्रहाच्या १९ सेंटिमीटर लांबीच्या वाहक लहरीची कला, म्हणजे लहर आपल्या चढउतारात नेमकी कुठे आहे ते, मोजतात. दोन्ही विमानं तेच उपग्रह पाहत असल्याने बहुतेक चुका वजाबाकीत निघून जातात आणि दोघांमधलं अंतर सेंटिमीटरांत कळतं.

तरी दोन ठिकाणी घात होतो. पहिला वेळेचा. पुढच्याची स्थिती रेडिओवरून मागच्याकडे येते. विमान सेकंदाला १७३ मीटर जातं, म्हणजे दशांश सेकंद जुनी स्थिती आपल्या ताज्या स्थितीशी ताडली, तर १७ मीटरची चूक दिसते. ती प्रत्यक्षात नसतेच. म्हणून प्रत्येक संदेशावर जीपीएसच्या घड्याळाची वेळ हवी. दुसरा घात विमान कलण्याचा. अँटेना पाठीवर, भोवरा सुटतो पंखटोकातून. पुढचं विमान १० अंश कललं, की टोक मीटरभर खाली किंवा वर जातं. अँटेना मात्र जवळपास जागीच. म्हणून स्थितीसोबत पुढच्याचा कलही पाठवावा लागतो. त्याचा आणखी एक फायदा असतो. पुढचा वळायला लागला, की चूक साठण्याआधीच मागचा कलायला लागतो.

आता सगळ्यात नाजूक भाग. मागचं विमान उजवीकडे आहे, तेव्हा त्याचा डावा पंख जास्त उचलला जातो आणि विमान उजवीकडे, पुढच्यापासून दूर कलू पाहतं. ऑटोपायलट एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, डावीकडे धरून ते सरळ ठेवतो. मिनिटभरात त्याच्या हिशेबात ही डावी दुरुस्ती पक्की साठून बसते. इतक्यात हवेच्या हेलकाव्याने भोवरा बाजूला सरकला, तर उचल गेली, साठलेली दुरुस्ती उरली. विमान डावीकडे कलतं, थेट पुढच्याच्या दिशेने.

म्हणून साठणाऱ्या दुरुस्तीला मर्यादा घालतात. जागेवरून अपेक्षित कल काढून तेवढी दुरुस्ती आगाऊ देतात. शिवाय मागच्याचं नाक पुढच्याच्या शेपटीच्या बरंच मागे ठेवतात, म्हणजे विमान कललंच तर ते पुढच्याच्या मागून जाईल. फार आत गेलं तर वेगळीच अडचण येते. पंखटोक खाली जाणाऱ्या हवेत शिरतं आणि कलाची दिशा उलटू लागते. एलेरॉन जितकं जास्त वळवाल, तितकी त्याची स्वतःची ओढ वाढते आणि मिळवलेलं इंधन त्यात जातं.

वेगाचंही सांभाळावं लागतं. भोवऱ्यात शिरताच ओढ घटते, विमान पुढे सरकतं, थ्रॉटल मागे घ्यावा लागतो. इंजिनाचा जोर मात्र सावकाश उतरतो.

दृश्य: अटलांटिकवर दोन ए-३५० प्रवासी विमानं, एकमेकांपासून दूर.

निवेदन:
९ नोव्हेंबर २०२१. एअरबसची दोन ए-३५० विमानं तुलूझहून मॉन्ट्रिअलला गेली, एकमेकांपासून ३ किलोमीटर अंतर राखून. ६ टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड वाचला. धडकेची भीती जवळजवळ गेली, पण आता भोवरा कुठे आहे हेच शोधावं लागतं. जवळ असताना तो पंखटोकापाशीच असतो. ३ किलोमीटरवर तो बारा सेकंद जुना असतो आणि सेकंदाला दोन मीटर खाली बसत गेला, तर पंचवीसेक मीटर खाली गेलेला असतो. आडवा वारा सेकंदाला १० मीटर असेल, तर पुढच्याच्या जमिनीवरच्या मार्गापासून तो १२० मीटर बाजूला सापडतो. म्हणून इथला ऑटोपायलट मार्गाचा नाही, पुढच्याच्या नाकाच्या दिशेचा हिशेब धरतो, कारण आडव्या वाऱ्यात नाक वाऱ्याकडे वळलेलं असतं आणि भोवरा नाकाच्या रेषेतच मागे राहतो. त्यात तो पुढच्या विमानाचं त्या क्षणीचं वजन घालतो. इंधन जळतं तसं वजन उतरतं, भोवरा हलका होतो, खाली बसण्याचा वेगही बदलतो. त्यामुळे धरायची जागा प्रवासभर थोडी थोडी सरकत राहते.