त्वचेआडचा प्रतिध्वनी

[पडदा काळा. मधोमध नखाहून लहान सिलिकॉनची चिप.]

स्तनातली कर्करोगाची गाठ शोधण्यासाठी ही चिप मायक्रोवेव्ह लहरींचा एक स्पंद सोडते. एका नॅनोसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या, आतच तो संपतो. अँटेनातून निघून तो स्तनात शिरतो आणि वाटेत जिथे ऊती बदलतात, तिथून त्याचा थोडासा भाग मागे फिरतो. हा प्रतिध्वनी नेमका कधी पोचला, ते मोजायचं. सगळी भिस्त या मोजणीवर आहे.

चरबीत पाणी कमी असतं, कर्करोगाच्या गाठीत बरंच जास्त. मायक्रोवेव्ह लहरींना हा फरक कळतो. क्ष-किरणांचा मारा इथे नसतो, त्यामुळे तपासणी वरचेवर करता येते. आणि स्तन दाबावा लागत नाही. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण तपासणीत, तो दाबला जातो, ते दुखतं आणि त्या धास्तीने पुढची तपासणी टाळणाऱ्या स्त्रिया आहेत. हातात धरता येईल अशा उपकरणासाठी एवढा खटाटोप का, याचं उत्तर मला तिथे दिसतं.

[पडद्यावर: लहरीचा आलेख, हळूहळू ठिपक्या-ठिपक्यांनी भरत जाणारा.]

चरबीत या लहरींचा वेग प्रकाशाच्या साधारण एक तृतीयांश उरतो. गाठ एक सेंटिमीटर जास्त खोल असेल, तर प्रतिध्वनी जेमतेम २०० पिकोसेकंद उशिरा येतो. पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग. एवढ्या वेगाने एका दमात लहरीचे नमुने घ्यायचे, म्हणजे ती क्षणाक्षणाला मोजायची, तर चिप भरमसाट वीज खाणार. म्हणून अभियंत्यांनी सुरेख तोड काढली. तोच स्पंद पुन्हा पुन्हा सोडायचा आणि दर खेपेला नमुना घेण्याचा क्षण काही पिकोसेकंदांनी पुढे सरकवायचा. गाठ काही जागची हलत नाही, त्यामुळे एकेका ठिपक्याने अख्खी लहर उभी राहते. अट एकच, चिपमधलं घड्याळ डळमळता कामा नये. क्षण चुकला की लहर पुसट झालीच.

दुसरी वाट इटलीतल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवली. स्पंद न सोडता २ ते १६ गिगाहर्ट्झच्या वारंवारता एकामागून एक पाठवायच्या. सीमॉस या चिप बनवण्याच्या नेहमीच्या तंत्राने (६५ नॅनोमीटर) घडवलेली त्यांची रडार चिप २०४ मिलिवॅटवर चालते आणि ३ मिलिमीटरपर्यंतचे बारकावे वेगळे करते. एरवी हे काम प्रयोगशाळेतल्या टेबलावरचं अवजड मोजणीयंत्र करतं.

[पडद्यावर: घुमटाकार कवचात बसवलेले अँटेना, सावकाश फिरताना.]

खरी डोकेदुखी त्वचेची. तिचा प्रतिध्वनी गाठीच्या प्रतिध्वनीपेक्षा कितीतरी मोठा, आणि तोच आधी येऊन थडकतो. जपानमधल्या हिरोशिमा विद्यापीठाच्या उपकरणात १६ अँटेना घुमटासारखे मांडलेत. घुमट फिरवत वेगवेगळ्या कोनांतून संकेत घेतात, सगळीकडून सारखा येणारा भाग वजा करतात आणि उरलेल्यात गाठ शोधतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक चाचणीत हे उपकरण पाच रुग्णांवर वापरलं गेलं. पाच. एवढ्यावरून हे मॅमोग्राफीची जागा घेईल, असं कोणी म्हणू नये.

शिवाय चिपच्या हाताबाहेरचा एक प्रश्न आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन आणि कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊती मोजल्या. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या मोजमापांत चरबी आणि गाठ यांच्या विद्युत गुणधर्मांत दहापटीपर्यंत फरक निघाला. गाठ आणि ग्रंथींच्या दाट ऊती यांच्यातला फरक मात्र सुमारे १० टक्के. मॅमोग्राफीही नेमकी दाट ऊतींच्या स्तनांतच अडखळते. त्या १० टक्क्यांसाठी आता प्रतिध्वनी टिपणाऱ्या रिसीव्हरमधला विद्युत गोंगाट कमी करणं, अँटेना वाढवणं आणि प्रतिमा घडवणारी गणितं सुधारणं, तिन्ही आघाड्यांवर काम सुरू आहे.