आण्णांच्या हातचं कोल्हापूर
(मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

‘माझ्या गावचा कलाकार’ या विषयावर बोल, असं समितीनं सांगितलं. पण माझ्या वडिलांना कलाकार म्हटलेलं चालत नाही. ते कोल्हापूरचे. तिथं बाबूराव मेस्त्रींनी नाटकांचे पडदे रंगवले, स्वतः कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि ते बाबूराव पेंटर झाले. आण्णांच्या मते कलाकार म्हणजे ते. “आपण बोर्ड रंगवतो. फुटाचा दर ठरलेला.”

त्यांचं काम मी जवळून पाहिलंय, कारण दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात असायचं. दोरीला खडूची भुकटी चोळायची, पत्र्यावर ताणून धरायची आणि मधे उचलून सोडायची. सरळ पांढरी रेघ उमटते. ही शिरोरेषा. मग अक्षरं तिला खाली टांगायची. इथं पट्टी कामाची नाही. ‘र’ला मोजून सारखी जागा दिली, तर शब्दात भोक पडतं. ‘ण’ला कमी दिली, तर तो शेजाऱ्याच्या अंगावर जातो. आण्णा दोन पावलं मागं यायचे, एक डोळा मिटायचे आणि ओल्या फडक्यानं खडू पुसून पुन्हा आखायचे. रंगाचा डबा त्यानंतर उघडायचा. “अक्षर उभं राहिलं पाहिजे. अक्षर बसलं की दुकान बसलं!”

काचेवरचं काम त्याहून अवघड. डॉक्टर-वकिलांच्या दारांवर आतल्या बाजूनं उलटी अक्षरं लिहायची, म्हणजे बाहेरून सुलटी दिसतात. रंगांचा क्रमही उलटा. जे बाहेरून सगळ्यात वर दिसायला हवं ते आधी, मागची जमीन शेवटी. एकदा चुकलं की सगळं खरवडून काढा.

पावसाळ्यात हात रिकामा, ऑइलपेंट वाळायचाच नाही. ऊस तोडणीचा हंगाम आला की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दारात. मागच्या फळीवर कुलदैवत, मुलांची नावं आणि एखादा टोमणा. शुद्धलेखनावरून मालकांशी वाद व्हायचे, ते बहुधा मालकच जिंकायचे.

अभिमान मात्र आईच्या खात्यावर. केएमटीच्या बसमधून बिंदू चौक, महाद्वार रोड असं जाताना ती खिडकीतून बोट करून दाखवायची, “हा आपला. हा आपला नव्हे, बघ, ‘क’चं पोट कसं सुटलंय.” शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगायची. मला तेव्हा लाज वाटायची. आज मी कुठल्याही परक्या शहरात पाट्यांची अक्षरं तपासत फिरते, आणि नवरा पुढं निघून गेलेला असतो.

फ्लेक्स आल्यावर काम आटलं. स्वस्त आणि तासाभरात हातात, गिऱ्हाइकाला दोष देण्यात अर्थ नाही. आण्णांची तक्रार वेगळीच होती: कॉम्प्युटरबरोबर हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आले आणि कुणी हूं की चूं केलं नाही. २०१९च्या पुरात व्हीनस कॉर्नरला पाणी शिरलं, तेव्हा ओसरल्यावर आण्णा तिथल्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या दुकानी गेले. आत माल कुजलेला. बाहेरचा बोर्ड त्यांनी फडक्यानं पुसला, तर रंग शाबूत! घरी येऊन आधी आईला ते सांगितलं, मालाचं मागाहून.

असो. आजच्या कार्यक्रमाचा फोटो मघाशी मी त्यांना पाठवला. मला वाटलं, माझ्या साडीबद्दल काही म्हणतील. उत्तर आलंय, वाचून दाखवते: “मागच्या बॅनरवर ‘मंडळ’मधला ळ आडवा झालाय. लांबी-रुंदी कळवा, कापडावर लिहून पाठवतो. निम्मे पैसे आगाऊ.”

खजिनदार, ऐकताय ना?