होलोकॉस्ट शिकवायचाय? मग सुरुवात हिटलरपासून करू नका

नमस्कार. आजचा व्हिडिओ आठवी ते बारावीच्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आहे, आणि त्या वयाच्या मुलांच्या आईबाबांसाठीही. मुलं स्वतः बघत असतील तर फारच छान, कारण आज मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्यातले काहीजण तुमच्याहून जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठे होते.

दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की वर्गातून पहिलं नाव येतं ते हिटलरचं. त्याच्याबद्दल मुलांना बरंच काही ठाऊक असतं. त्याची मिशी, त्याची भाषणं, त्याची शिस्त. कडक सरांना किंवा तापट वडिलांना ‘हिटलर’ म्हणायची आपल्याकडे सवयच आहे, आणि त्यात थोडं कौतुकही मिसळलेलं असतं. फुटपाथवरच्या पुस्तकवाल्याकडे त्याचं आत्मचरित्र ‘यशस्वी कसे व्हाल’ छापाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं. अशा मुलांसमोर आपण थेट साठ लाखांचा आकडा ठेवला, तर तोही त्याच माणसाच्या नावावर जमा होतो. मारणारा लक्षात राहतो, मेलेले राहत नाहीत.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की सुरुवात मारल्या गेलेल्यांपासून करा. आणि शक्य असेल तिथे त्यांनीच लिहून ठेवलेल्या कागदांपासून.

[स्क्रीनवर: युरोपचा नकाशा, १९३३ ते १९४५]

आधी चौकट सांगते. १९३३ ते १९४५ या काळात नाझी जर्मनीने आणि तिच्या साथीदारांनी युरोपातल्या सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. यालाच होलोकॉस्ट म्हणतात. त्यात दहा ते पंधरा लाख मुलं होती. याशिवाय रोमा (ज्यांना जिप्सी म्हटलं जायचं), अपंग आणि मनोरुग्ण, सोव्हिएत युद्धकैदी, पोलिश नागरिक असे लाखो लोक मारले गेले. ज्यूंच्या बाबतीत मात्र उद्देश असा होता की एकही उरू नये, तान्हं मूलसुद्धा नाही.

मुलांना वाटतं, एके दिवशी छावण्या उघडल्या आणि सगळं घडलं. तसं नव्हतं. जर्मनीत १९३३ साली ज्यू होते साधारण पाच लाख, लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. एप्रिल १९३३ मध्ये त्यांच्या दुकानांवर बहिष्कार झाला, सरकारी नोकऱ्यांतून त्यांना काढलं, शाळा-कॉलेजांत त्यांच्या प्रवेशावर मर्यादा आली. सप्टेंबर १९३५ मध्ये न्यूरेंबर्गचे कायदे आले आणि नागरिकत्वाचे हक्क गेले, ज्यू नसलेल्यांशी लग्न हा गुन्हा ठरला. नोव्हेंबर १९३८ मध्ये एका रात्रीत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली, दुकानं फोडली, सुमारे तीस हजार पुरुषांना पकडून नेलं, आणि झालेल्या नुकसानीबद्दल दंड ठोठावला तोही ज्यूंनाच. त्याच महिन्यात ज्यू मुलांना सरकारी शाळांतून काढून टाकलं. सप्टेंबर १९४१ पासून सहा वर्षांवरच्या प्रत्येकाने कपड्यांवर पिवळा तारा शिवायचा.

आणि १९४२ मध्ये एक हुकूम आला की ज्यूंनी घरात प्राणी पाळायचे नाहीत. कुत्रा नाही, मांजर नाही, पक्षी नाही. ड्रेस्डेनमध्ये व्हिक्टर क्लेम्परर नावाचे प्राध्यापक होते. नोकरी केव्हाच गेलेली, घर गेलेलं. त्यांचा मुशेल नावाचा बोका होता. तो दुसऱ्या कुणाला देऊन टाकायलाही परवानगी नव्हती. शेवटी त्यांच्या पत्नी एफा त्याला पशुवैद्याकडे घेऊन गेल्या आणि झोपेचं इंजेक्शन देऊन त्याला कायमचं झोपवावं लागलं. क्लेम्पररनी हे आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलंय. वर्गात हे सांगा. ज्या मुलाला कायद्याची कलमं कळत नाहीत, त्यालाही इथे कळतं की सरकार माणसाच्या घरात किती आत शिरू शकतं.

आता मला ज्या गोष्टीसाठी हा व्हिडिओ करायचा होता तिकडे येते. वॉर्सा.

पोलंडच्या या राजधानीत नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मनांनी ज्यूंची वस्ती भिंत घालून बंद केली. वॉर्सा घेट्टो. जेमतेम सव्वातीन-साडेतीन चौरस किलोमीटर जागेत चार लाखांहून जास्त माणसं. एका खोलीत सरासरी सातजण. भूक, टायफस, रस्त्याच्या कडेला पडलेली प्रेतं.

त्या भिंतीच्या आत इमानुएल रिंगेलब्लूम नावाचा एक इतिहासकार होता. त्याने माणसं जमवली. शिक्षक, लेखक, धर्मगुरू, अर्थतज्ज्ञ, विद्यार्थी. ही मंडळी शनिवारी भेटायची, म्हणून गटाचं गुप्त नाव होतं ‘ओनेग शब्बात’, म्हणजे शब्बाथचा, ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा आनंद. काम एकच: इथे काय चाललंय ते लिहून ठेवायचं आणि कागद जपायचे. जपलं काय काय? रेशनकार्डं, जर्मनांच्या नोटिसा, ट्रामची तिकिटं, चॉकलेटचे कागद, शाळेतल्या मुलांनी लिहिलेले निबंध, स्वयंपाकघरात डाळ-बटाटा कसा पुरवतात याच्या नोंदी, निसटून आलेल्यांनी सांगितलेल्या कत्तलींच्या हकिकती. रिंगेलब्लूमला खात्री होती की पुढे कुणीतरी आपला इतिहास लिहील, आणि तो फक्त जर्मनांच्या फायलींवरून लिहिला जाऊ नये.

२२ जुलै १९४२ ला वॉर्सातून त्रेब्लिंका या मृत्युछावणीकडे गाड्या सुटायला लागल्या. रोज हजारो माणसं. तेव्हा या गटाने कागद पुरायचं ठरवलं. नोवोलिप्की रस्त्यावर ६८ नंबरच्या इमारतीत एक शाळा होती. तिथले शिक्षक इस्रायल लिख्टेनश्टाइन आणि त्यांचे दोन तरुण माजी विद्यार्थी, दावीद ग्राबर आणि नाखुम ग्जिवाच, तळघरात उतरले. दावीद १९ वर्षांचा, नाखुम १८ चा. दहा पत्र्याच्या पेट्या त्यांनी जमिनीखाली पुरल्या. ३ ऑगस्ट १९४२. बाहेर शेजारच्या रस्त्यावर धरपकड चाललेली.

पेट्या बंद करण्याआधी तिघांनीही आपापली इच्छापत्रं लिहून आत टाकली. दावीदने लिहिलं की जे आम्हाला जगाला ओरडून सांगता आलं नाही ते आम्ही जमिनीत पुरलं. त्याला फार वाटत होतं की हा ठेवा बाहेर निघेल आणि जगापुढे सत्य ओरडून सांगेल तो क्षण आपल्याला बघता यावा. लिख्टेनश्टाइननी लिहिलं, माझ्या मुलीची आठवण ठेवा. तिचं नाव मार्गालित, आज ती वीस महिन्यांची आहे. मुलीची आई गेला सेक्श्टाइन चित्रकार होती. तिची चित्रंही याच पेट्यांत ठेवलेली होती. यातलं कुणीही वाचलं नाही.

जरा इथे थांबते. वर्गातही थांबा.

मुलं विचारतात, ‘मॅडम, ऐंशी वर्षांपूर्वीचं, तेही युरोपातलं, आम्ही का लक्षात ठेवायचं?’ प्रश्न अगदी रास्त आहे, त्यांना गप्प करू नका. ‘इतिहासाची पुनरावृत्ती होऊ नये म्हणून’ हे पाठ केलेलं उत्तर मी देत नाही. कारण होलोकॉस्टनंतरही कंबोडियात, रवांडात, बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात हत्याकांडं झाली. मी मुलांना दावीद ग्राबरची तारीख आणि वय सांगते. आपण उद्या नसणार हे माहीत असलेल्या एका मुलाने धरपकडीतले ते तास कागद जपण्यात घालवले. लक्षात ठेवा ही विनंती त्याची आहे. ती ज्यांच्यासाठी होती, ते आपणच आहोत.

आणि दुसरी बाजूही सांगायलाच हवी, कारण मारणाऱ्यांना नेमकं याच्या उलट हवं होतं. ऑक्टोबर १९४३ मध्ये नाझींच्या एस.एस. या सशस्त्र संघटनेचा प्रमुख हिमलर याने पोलंडमधल्या पोझनान इथे एस.एस.च्या अधिकाऱ्यांपुढे भाषण केलं. त्यात तो म्हणाला की ज्यूंचा नायनाट हे आपल्या इतिहासातलं गौरवाचं पान आहे, पण ते कधीच लिहिलं गेलेलं नाही आणि लिहिलं जाणारही नाही. नुसतं बोलून नाझी थांबले नाहीत. पूर्व युरोपात सामूहिक कबरी उकरून प्रेतं जाळली, तीही कैद्यांकडून. त्रेब्लिंकात सुमारे नऊ लाख माणसं मारली. १९४३ मध्ये ती छावणी पाडून जमीन नांगरली आणि तिथे एक शेतघर बांधून माणूस राहायला ठेवला, जणू कधीपासूनची शेती असावी. ऑशविट्झ-बिर्केनाऊची गॅस चेंबर्स जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य पोचायच्या काही दिवस आधी सुरुंगाने उडवली.

तरी कागद उरले. ‘ओनेग शब्बात’च्या आतल्या गोटातले तिघेच युद्धातून वाचले: हेर्श वासर, त्यांच्या पत्नी ब्लूमा आणि राहेल आउअरबाख. घेट्टोच्या जागी विटांचे ढीग होते, रस्तेसुद्धा ओळखू येत नव्हते. सप्टेंबर १९४६ मध्ये खणून त्या दहा पेट्या काढल्या. आत पाणी शिरलेलं, कागद चिकटलेले. डिसेंबर १९५० मध्ये दुसरा साठा मिळाला, दुधाच्या दोन मोठ्या कॅनमध्ये, आणि तो बऱ्याच चांगल्या अवस्थेत होता. सगळी मिळून सुमारे ३५ हजार पानं. तिसरा साठा अजून सापडलेला नाही.

त्यामुळे तुमच्या मुलाच्या मोबाइलवर ‘हे सगळं खोटं आहे’ अशी रील आली, तर वाद घालत बसू नका, कागद दाखवा. मारल्या गेलेल्यांचे आहेत आणि मारणाऱ्यांचेही आहेत. २० जानेवारी १९४२ ला बर्लिनजवळ वान्झे इथे ज्यूंच्या संहाराचं नियोजन करायला पंधरा नाझी अधिकारी जमले होते. त्या बैठकीच्या इतिवृत्तात देशवार तक्ता आहे: कुठे किती ज्यू, एकूण एक कोटी दहा लाखांहून जास्त. बैठकीतले बरेचजण उच्चशिक्षित होते, कित्येक कायद्याचे पदवीधर. ‘शिकला की माणूस सुधारतो’ असं आपण मुलांना सांगत असतो ना, म्हणून हे मुद्दाम सांगते.

वर्गासाठी आता काही गोष्टी. प्रेतांच्या ढिगाऱ्यांचे फोटो दाखवू नका. चौदा वर्षांचं मूल एक तर हादरतं किंवा हसतं, आणि त्या माणसांना तसं बघितलं जाणं नक्कीच आवडलं नसतं. ‘तू नाझी हो, तू ज्यू हो’ असली नाटकं बसवू नका. त्यातून काहीही अनुभवाला येत नाही आणि वर्गातलं एखादं एकटं पडलेलं मूल आणखी एकटं पडतं. आपल्याकडेही ज्यू आहेत: बेने इस्रायल, मराठी बोलणारे, अलिबाग-रेवदंड्यापासून ठाण्यापर्यंत आपलेच शेजारी. ज्यू म्हणजे कुणी परग्रहावरचे नव्हेत हे कोकणातल्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही, इतरांना जरूर सांगा. आकाशवाणीची सकाळची ती धून ज्यांच्या नावावर आहे ते वॉल्टर कौफमन हेही १९३४ मध्ये युरोप सोडून मुंबईला आलेले ज्यू संगीतकार. मात्र कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची महायुद्धातली पोलिश निर्वासितांची छावणी यात मिसळू नका. ते बहुतांश सोव्हिएत सत्तेने हद्दपार केलेले कॅथलिक पोलिश होते. त्यांचं दुःख खरं आहे, पण ती कहाणी वेगळी आहे.

एक प्रश्न मुलांकडून हमखास येतो: ‘मग शेजारी काय करत होते?’ घाईने उत्तर देऊ नका. डेन्मार्कची गोष्ट सांगा. ऑक्टोबर १९४३ मध्ये तिथल्या लोकांनी मासेमारीच्या होड्यांतून सात हजारांहून जास्त ज्यूंना स्वीडनला पोचवलं. लगेच हॅम्बुर्गचीही सांगा. तिथे गाडीत भरून पाठवलेल्या ज्यूंचं घरसामान जाहीर लिलावात निघत होतं, आणि शहरातली साधी माणसं टेबलक्लॉथ, खुर्च्या, हिवाळी कोट स्वस्तात घेऊन घरी जात होती. मग मुलांना लिहायला सांगा की लिलावातून कोट घेऊन आलेल्या बाईने तो कुणाचा असेल याबद्दल घरी काय सांगितलं असेल. मार्क देऊ नका, फक्त वाचा. पुढच्या व्हिडिओत घेट्टोतल्या शाळकरी मुलांचे निबंध घेऊन येते.