चार लाख बावन्न हजार एक

श्रोतेहो, नमस्कार. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर ४५२००१ ही संख्या लिहून घ्या. इंदूरकरांना ओळख नको, जी.पी.ओ.चा पिन कोड. १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झालेली ही पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर म्हणजे संस्कृतात कविता करणारा मराठी माणूस. असो. आज टपाल बाजूला ठेवू आणि या संख्येचे अवयव पाडू.

एकक स्थानी १ आहे, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज १२. ३ने भाग जातो, ९ने जात नाही. हा ९ ध्यानात ठेवा, पुढे लागेल. आता ११. उजवीकडून एकाआड एक अधिक-वजा करा: १ वजा ०, अधिक ०, वजा २, अधिक ५, वजा ४. उत्तर ०, म्हणजे ११नेही भाग जातो. मुलं इथे शून्यं गाळतात. या संख्येत दोन शून्यं शेजारी असल्यानं चूक झाकली जाते. ४५२०१ घेतलीत तर खरं उत्तर २ येतं आणि शून्य गाळलं की ०!

३ आणि ११ दोन्हींनी, म्हणजे ३३ने भागल्यावर भागाकार येतो १३६९७. खरी कसोटी इथे. ७, ११, १३ने भागून बघतात, भाग जात नाही, की 'मूळ संख्या आहे' म्हणून मोकळे. निष्कर्ष बरोबर, पण सिद्ध काहीच झालेलं नसतं. थांबायचं कुठे? ११७चा वर्ग १३६८९, ११८चा १३९२४. दोन्ही अवयव ११७हून मोठे असते तर गुणाकार निदान १३९२४ झाला असता. तेव्हा ११३पर्यंतच्या ३० मूळ संख्या तपासल्या की पुरे. २, ३, ५ नजरेनंच जातात, उरतात २७ भागाकार. कॅल्क्युलेटर वापरत असाल तर १०७ला जपा: पडद्यावर १२८.००९ येतं आणि घाईत १२८च वाचलं जातं. बाकी १ आहे! म्हणून दशांश नको, बाकी लिहा. ८३ला २, ४१ला ३. शून्य कुठेच नाही. तेव्हा ४५२००१ म्हणजे ३ गुणिले ११ गुणिले १३६९७.

आणखी एक गंमत. १३६९७ला ४ने भागून बाकी १ उरते. अशी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते. फर्मा या गणितज्ञानं हे १७व्या शतकात सांगितलं, ऑयलर या गणितज्ञानं १८व्या शतकात सिद्ध केलं. इथे ते वर्ग ८९ आणि ७६चे: ७९२१ अधिक ५७७६. पण अख्ख्या ४५२००१ला हे जमत नाही. कुठल्याही वर्गाला ३ने भागलं तर बाकी ० किंवा १ उरते, २ कधीच नाही. म्हणून दोन वर्गांच्या बेरजेला ३ने भाग जायचा तर दोन्ही संख्या ३च्या पटीत हव्यात. मग बेरजेला ९नेही भाग जायला हवा. तो तर जात नाही.

ग्वाल्हेरचा ४७४००१ घेऊन बसा. ११ तिथेही निघतो. पुढे उरलेल्या ४३०९१साठी २०७पर्यंत जायची तयारी ठेवा, पण तितकं जावं लागणार नाही.