अठरानंतर तुमचा पगार मोजत नाहीत

नमस्कार. मंडळाने विषय दिला होता 'अठरा वर्षांनंतर काय', पण तो फारच मोठा आहे, गार्डियनशिप, कॉलेज, नोकरी, आपल्यानंतर कोण, सगळंच त्यात येतं, म्हणून मी आज फक्त एसएसआयबद्दल बोलणार आहे. सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम, म्हणजे इथे अमेरिकेत कमी उत्पन्न असलेल्या अपंग माणसाला सरकारकडून दरमहा मिळणारे पैसे. मी वकील नाही हं. माझी मुलगी ऑटिस्टिक आहे, आता मोठी झाली, आणि त्या फॉर्मांमध्ये आमची बरीच वर्षं गेली, एवढंच माझं क्वालिफिकेशन.

इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांना मूल लहान असताना कोणीतरी सांगितलं असेल, सोडा हो, तुम्हाला नाही मिळणार. तेव्हा ते बरोबरच होतं. १८ च्या आत आईवडिलांचं उत्पन्न आणि शिल्लक मुलाच्या खात्यात धरतात, त्याला डीमिंग म्हणतात, आणि दोघंही आयटीत असतील तर विषय तिथेच संपतो, मुलाला काय होतंय हे बघायची वेळच येत नाही. मग आपल्या डोक्यात पक्कं बसतं की ही गोष्ट आपल्यासाठी नाहीच. आणि इथेच आपले लोक गंडतात, कारण १८ वा वाढदिवस झाला की पुढच्या महिन्यापासून तुमचा पगार मोजत नाहीत. फक्त मुलाचं स्वतःचं काय आहे ते बघतात. तुमचं घर केवढं, गाडी कुठली, काही संबंध नाही. त्यामुळे तेव्हा नाही मिळालं तरी आता नवा अर्ज करायचा, आणि लगेच करायचा, कारण एसएसआय मागच्या तारखेपासून देत नाहीत, अर्ज केल्याच्या पुढच्या महिन्यापासूनच सुरू होतो. मूल वीस वर्षांचं झाल्यावर कळलं तर मधले पैसे गेले ते गेलेच. २०२६ ला फेडरल रक्कम महिन्याला जास्तीत जास्त ९९४ डॉलर आहे, राज्य थोडी भर घालतं कुठेकुठे, पण खरं सांगू का, मला पैशापेक्षा मेडिकेड, म्हणजे सरकारी आरोग्यविमा, महत्त्वाचं वाटतं, बऱ्याच राज्यांत ते एसएसआयबरोबर आपोआप येतं.

आता शिल्लक. मुलाच्या नावावर २,००० डॉलरच्या वर काही नको. हा आकडा १९८९ पासून तसाच आहे, महागाई कुठे गेली बघा! आणि आपल्याकडे काय होतं, आजीने नातवाच्या नावाने पुण्यात एफडी केलेली असते, बाबांनी जॉइंट अकाउंट उघडलेलं असतं, बारशाला आलेले पैसे कुठेतरी वाढत असतात. ते सगळं मोजलं जातं, भारतातलंसुद्धा. आणि घाईघाईने आजीच्या नावावर परत केलं तर तेही चालत नाही, फुकट देऊन टाकलं म्हणून ३६ महिन्यांपर्यंत अपात्र ठरवू शकतात. त्याला रस्ते आहेत, एबल अकाउंट आहे, म्हणजे अपंग माणसाच्या नावाचं खास बचत खातं, त्यात १ लाख डॉलरपर्यंत एसएसआयला धक्का लागत नाही, स्पेशल नीड्स ट्रस्ट आहे, म्हणजे मुलासाठी पैसे वेगळे ठेवणारा ट्रस्ट, पण हे सगळं सतराव्या वर्षी वकिलाकडे बसून करायचं, नंतर नाही.

ज्यांना आधीपासून मिळतंय त्यांची गोष्ट उलटी. १८ झाल्यावर सोशल सिक्युरिटी, म्हणजे एसएसआय देणारं सरकारी खातं, केस पुन्हा पहिल्यापासून तपासते, मोठ्या माणसांच्या नियमांनी. मुलाची तब्येत सुधारली का, हा प्रश्नच नसतो. लहानपणी विचारतात की त्याच्या वयाच्या इतर मुलांच्या तुलनेत किती मागे आहे, आता विचारतात की हा काम करू शकतो का, म्हणजे महिन्याला १,६९० डॉलर कमावण्याएवढं काम, हा २०२६ चा आकडा, अंध असेल तर एसएसआयला ही कमाईची कसोटी लावत नाहीत. म्हणून तीच मुलगी, तेच निदान, आणि तरी नकार येऊ शकतो.

इथे एक आपली सवय नडते. आपण पाहुण्यांसमोर सांगतो ना, आमचा सगळं स्वतःचं स्वतः करतो, तबला किती छान वाजवतो, तेच आपण इंटरव्ह्यूत आणि फॉर्मवर लिहितो. 'स्वयंपाक करता येतो का', हो. अहो, गॅस कोण बंद करतं? चार वेळा कोण आठवण करतं? ते लिहा. आंघोळ करतो पण पाणी कोण काढून देतं, बसने जातो पण बस चुकली तर काय होतं, ते लिहा. खोटं काही नको, फक्त तुमचे स्वतःचे कष्ट लपवू नका, आयांना तर ते कष्ट वाटतच नाहीत, तिथेच घोळ होतो. शाळेचा आयईपी, म्हणजे मुलासाठी बनवलेला खास शिक्षणाचा आराखडा, टीचरचं पत्र, जॉब कोचने काय पाहिलं, ते सगळं जोडा.

नकार आला तर अपीलला ६० दिवस असतात, पण चालू पैसे थांबू नयेत असं हवं असेल तर पत्र मिळाल्यापासून १० दिवसांत तसं लिहून मागावं लागतं. अपील हरलात तर ते पैसे परत मागू शकतात, हेही लक्षात ठेवा. आणि शाळेत आयईपी चालू असेल तर सेक्शन ३०१ नावाचा नियम आहे, अपात्र ठरवलं तरी काही काळ पैसे चालू राहू शकतात. ऑफिसातल्या माणसाला तो माहीत असेलच असं नाही, तुम्ही विचारा.

पॉवर ऑफ अॅटर्नी केली म्हणजे झालं असं समजू नका, सोशल सिक्युरिटी ती मानत नाही, पैसे सांभाळायला तुम्हाला वेगळा अर्ज करून रेप्रेझेंटेटिव्ह पेयी व्हावं लागतं.

प्रश्न आला होता, आम्हाला ९९४ साठी एवढी कटकट कशाला. त्याचं उत्तर रिटायरमेंटमध्ये आहे. आई किंवा बाबा रिटायर झाले की २२ च्या आधीपासून अपंगत्व असलेल्या मुलाला त्यांच्या सोशल सिक्युरिटीच्या रेकॉर्डवर वेगळा लाभ मिळू शकतो, आईवडील हयात असताना त्यांच्या मूळ लाभाच्या साधारण निम्मा, गेल्यावर ७५ टक्के, आणि आयुष्यभर पगारावर टॅक्स भरलेल्यांसाठी तो एसएसआयपेक्षा मोठा असू शकतो. तेव्हा '२२ च्या आधी' हे सिद्ध करायला अठराव्या वर्षीचे कागद कामी येतात.

आणि शेवटचं, उन्हाळ्यात दोन महिने भारतात जाणाऱ्यांसाठी. सलग ३० दिवस देशाबाहेर राहिलात की एसएसआय थांबतो आणि परत येऊन सलग ३० दिवस झाल्यावरच पुन्हा सुरू होतो. मुलाला न्यायचं असेल तर तिकीट त्या हिशोबाने काढा, आणि जायच्या आधी ऑफिसला कळवा.