सगळ्यात जुनी बासरी म्हणजे संगीताची सुरुवात नव्हे

नमस्कार मंडळी. गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय: ‘संगीत कधी सुरू झालं? एक आकडा सांगा.’ त्याखाली कुणीतरी ठोकून दिलंय, ४०,००० वर्षांपूर्वी.

आकडा कुठला, ते पटकन सांगते. नैर्ऋत्य जर्मनीत होले फेल्स नावाची गुहा आहे. तिथे २००८ साली गिधाडाच्या पंखाच्या हाडाची बासरी मिळाली. पाच भोकं, लांबी जेमतेम २२ सेंटिमीटर, वय साधारण ४०,००० वर्षं. बस.

पण हे वय बासरीचं आहे, संगीताचं नाही! यावर मी अडून बसणार आहे, कारण सगळी गफलत इथेच होते.

मी एकदा नळीला भोकं पाडून बासरी करायला बसले होते. भोक केसभर सरकलं की सूर गेला. चौथ्या नळीला कुठे धड आवाज आला, आणि माझ्यासमोर नमुना म्हणून तयार बासरी होती. मग ज्याने हाडावर नेमक्या जागा हेरून पाच भोकं पाडली, त्याच्या कानात सूर आधीपासून नसणार का? त्याच भागातल्या गुहांत मॅमथच्या सुळ्याच्या बासऱ्याही मिळाल्यात. सुळा उभा चिरायचा, दोन्ही भाग पोखरायचे आणि हवा निसटणार नाही असे पुन्हा चिकटवायचे. हे पहिल्याच प्रयत्नात जमणारं काम नाही.

दुसरं, हाड टिकतं. लाकूड कुजतं, कातडं कुजतं, वेत कुजतो. म्हणजे ढोल त्याआधी होता की नव्हता, हे मातीला विचारून कळणार नाही.

आणि गळा? टाळी? जमिनीवर आपटलेला पाय? यांचं काय उरणार? म्हणून ‘सापडलेलं सर्वांत जुनं’ म्हणा, ‘पहिलं’ म्हणू नका. एवढंच मागते.

एका ताईंनी विचारलंय, मग सुरुवात अंगाईतून झाली असेल का? प्रश्न फार आवडला. सिद्ध करता येत नाही, पण २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ६० देशांतल्या ७५० लोकांना अनोळखी समाजांतल्या गाण्यांचे १४-१४ सेकंदांचे तुकडे ऐकवले. भाषा कळत नसतानाही अंगाई आणि नाचाचं गाणं लोकांनी बऱ्यापैकी ओळखलं. प्रेमगीत मात्र ओळखता आलं नाही! म्हणून ‘संगीत ही जगाची भाषा’ हे वाक्य मला अर्धंच पटतं. झोपवणं पोचतं, नाचवणं पोचतं, बाकीचं त्या त्या समाजात राहूनच कळतं.

आफ्रिकेतल्या बऱ्याच बांटू भाषांत ‘ङ्गोमा’ म्हणजे ढोल, नाच आणि तो सगळा सोहळासुद्धा. तिथे ‘संगीत’ वेगळं काढून कसं मोजणार?

चीनमधल्या जियाहू या ठिकाणी मिळालेल्या, करकोच्याच्या हाडांच्या बासऱ्यांबद्दल बोलायचं आज राहून गेलं. त्यातली एक अजूनही वाजते. पुढच्या वेळी तिच्यावरच बोलू.